डोळ्यात गेलेली रुई

सिनेमा माझ्या आयुष्यात एकदाच नीट आला, आणि तेव्हाही मी तो धड पाहिला नाही. पण त्याच्यामुळे माझं लग्न झालं. लोक म्हणतात, लग्नाच्या गाठी वर बांधलेल्या असतात. माझी कारंज्याच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रुईच्या गोदामात, फाटक्या सतरंजीवर बांधली गेली. हसायचं तर हसा. मी थकलेली बाई आहे, रचून सांगायचा मला आता कंटाळा येतो.

माझे आईबाप पटकीच्या साथीत गेले आणि मी इंझोरीला काकाकडे वाढले. काका वाईट नव्हता. काकूही वाईट नव्हती, फक्त तिची हाक आली की समजायचं, काम आलं. तिची एकुलती एक मुलगी माझ्याहून थोडी लहान. गोरी, नाकीडोळी नीटस, चौथीपर्यंत शिकलेली. मी सावळी, उंच, हाडापेरानं मोठी. काकू म्हणायची, "देवानं मले एक पोरगी देल्ली आन् एक बैल देल्ला." गमतीनंच म्हणायची. मीही हसायची. दुसरं करणार काय?

पण आम्हा बहिणींचं जमायचं. मी जात्यावर बसले की ती समोर भिंतीला टेकून पुस्तक वाचायची, मोठ्यानं, मला ऐकू जावं म्हणून. तिच्या मामानं अमरावतीहून एक जुनी, नावाजलेली कादंबरी आणून दिली होती. पेशवाईतली गोष्ट. एका सरदाराच्या वाड्यात एक कारकून रोज लिहायला येतो. त्या घरात सरदाराची बालविधवा भाची असते. ती रोज सकाळी त्याची दौत भरून ठेवते. बस, एवढंच. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मग तो फौजेबरोबर उत्तरेला जातो, आणि ती वर्षानुवर्षं दौत भरतच राहते. शेवटी तो म्हातारा होऊन येतो, ओसरीवर पाणी मागतो, ती देते, तो पितो आणि निघून जातो.

मला विचाराल तर एवढ्या जाड पुस्तकात एवढंच घडतं म्हणजे कमालच. मी म्हणायची, "अवं, पर बोलत काहून नाई ते? तोंडात मूग धरले काय?"

"तुले नाई समजत ताई," ती चिडून म्हणायची आणि पुढं वाचायची. तो गेल्यावरही ती दौत भरते, ते पान आलं की तिचा आवाज बसायचा आणि डोळ्यांतून धारा लागायच्या. किती वेळा वाचलं तरी तिथं रडायचीच. मी जातं थांबवून तिच्याकडं बघत बसायची. मला त्या कारकुनाचं काही वाटायचं नाही, पण तिचं वाटायचं.

ती लग्नाची झाली तेव्हा तिच्या मनात एक मुलगा भरला होता. हे फक्त मला माहीत होतं. शेलूबाजारला मैत्रिणीच्या लग्नात तिनं त्याला पाहिलं. तो पंगतीत वाढत होता. एका म्हाताऱ्याला दात नव्हते, तर हा वाढायचं थांबला, खाली बसला आणि त्याच्या पत्रावळीवरची पोळी वरणात चुरून दिली. तेवढ्यावर ही बया गेली! वर कळलं की तो पुस्तकंही वाचतो. मग तर विचारूच नका.

"ताई, झालं तं तथीच," मला म्हणाली. "नाई तं मले कुठंबी ढकला, मले काई फरक पडत नाई."

आणि नशीब बघा, बांगड्यावाल्या चाचीनं तेच स्थळ काकूला सुचवलं. ही चाची कारंज्याची. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन गावोगाव फिरायची. बायका हात पुढं करायच्या आणि त्याबरोबर घरातली सगळी गोष्ट तिच्या हातात द्यायच्या. त्यामुळं कुठल्या घरात मुलगी आहे, कुठल्या घरात मुलगा, हे तिला भटजीपेक्षा जास्त ठाऊक. शेलूबाजारचं घर चांगलं होतं. वाहती शेती, म्हशी, मुलगा शांत. पण त्याची आई मोठी खट.

ती आई म्हणाली होती, "मी कोनाच्या घरी पोहे खाऊन पोरगी पाहात नाई. बाजाराच्या दिवशी बैल धुऊन आनतेत, तशी सजवून बसवतेत पोरीले. मी पाहीन, पर तिले मालूम नाई पडलं पायजे."

त्या उन्हाळ्यात कारंज्याला बोलपट आला होता. कापसाचा हंगाम संपला की जिनातलं गोदाम रिकामं पडे, ते कुण्या सिनेमावाल्यानं भाड्यानं घेतलं होतं. आठवड्यातून एका दुपारी फक्त बायकांचा खेळ. त्या आईनं चाचीला सांगितलं की त्या खेळाला पोरीला घेऊन यायला सांग, मी मागं बसून पाहीन, आणि तोंडातून अक्षर काढू नको. चाचीनं अल्लाची शपथ घेतली आणि सरळ आमच्याकडं येऊन काकूला सगळं सांगून टाकलं. प्रेमापोटी हो. पोट तिचं बांगड्यांच्या टोपलीसारखंच, सदा उघडं.

सिनेमा कोणता, तर तीच कादंबरी! दौतीची. माझी बहीण नुसती वेडी झाली. आणि काकूचे धाबे दणाणले.

कारण आमच्याकडं समज असा की लग्नाची पोरगी प्रेमाच्या गोष्टीवर रडली, तर तिच्या मनात नक्कीच कोणीतरी आहे. लेकीसुनांनी मयतात रडावं, बिदाईत रडावं. पोथीत सीतेसाठी रडलं तरी चालतं. पण कारकुनासाठी? काकूला माहीत होतं की पोरगी दौतीच्या पानावर रडणारच. तिनं पोरीला देवासमोर बसवलं आणि बजावलं, "एक टिपूस काढलं तं माया मेलेलं तोंड पाहाशीन. माई शपथ हाय तुले. ते बाई मांगून तुया तोंडाकडंच पाहीन."

पोरीनं शपथ घेतली. तिला ते घर हवं होतं ना! त्यासाठी तिनं काहीही केलं असतं.

आदल्या दिवशी दशम्या मी केल्या, चटणी मी कुटली, पहाटे बैलांना चारा मीच टाकला. उजाडायच्या आत दमणी जुंपली. ऊन चढता चढता आम्ही कारंज्याला पोचलो. सामान उतरवलं मी, विहिरीवरून पाणी आणलं मी, काकूच्या डोक्याला ओलं फडकं बांधलं तेही मी. बहीण मात्र जपून बसली होती, लुगड्याची घडी मोडू नये म्हणून. तिचा मला राग नव्हता. तो दिवस तिचा होता.

गोदामाच्या भिंती दगडी, हातभर जाड. झरोक्यांना गोणपाटं ठोकली होती. आत अंधार आणि गारवा. पुरुष सगळे बाहेर. मुसलमानांच्या बायकांनी अंधार होताच बुरख्याचे पडदे वर टाकले, आमच्या बायकांनी डोक्यावरचे पदर मागं घेतले, आणि साऱ्या फुटाणे खाऊ लागल्या. चाची मागच्या रांगेत एका जाडजूड, सुती लुगड्यातल्या बाईजवळ बसली होती आणि उगाच खोकत होती, म्हणजे आम्हाला कळावं. ते आम्हाला काय, साऱ्या गोदामाला कळलं असेल.

खेळ सुरू झाला. मागून प्रकाशाचा झोत आला आणि त्यात अशी रुई तरंगताना दिसली की काय सांगू! हंगामभराची रुई भिंतींना, तुळयांना चिकटलेली. एवढ्या बायका आत आल्यावर ती उडाली, आणि माझ्या डोळ्यांत गेली. डोळे चोळले तर आणखी लाल झाले. त्यात पहाटेपासूनचं जागरण. पडद्यावर तो कारकून बोरू टोकदार करत होता, करतच होता. मी डोळे पुसत होते, डुलक्या घेत होते, परत जागी होऊन डोळे पुसत होते. पदराचं टोक ओलं झालं.

मधेच जाग आली तेव्हा दौतीचा प्रसंग चालू होता. तो गेलेला. रिकामी बैठक. ती बाई येते, दौत उचलते, बघते तर शाई वाळलेली, आणि ती नवीन शाई ओतते. ना गाणं, ना बोलणं. साऱ्या गोदामात बायकांचं मुसमुसणं. मी बहिणीकडं पाहिलं. ती पाठ ताठ करून बसली होती. खालचा ओठ दातांत धरलेला, डोळे सताड उघडे. पापणी सुद्धा हलवत नव्हती, हलवली तर सांडेल म्हणून. मांडीवर तिचे दोन्ही हात एकमेकांत आवळलेले. मी तिच्या हातावर हात ठेवला तर तिनं झटकून टाकला. मला म्हणायचं होतं, रड वं बाई, रडून टाक. पण पलीकडं काकू होती, आणि मागं ती बाई.

परत जाताना काकू खूश होती. "दगडासारखी बसली माई लेक!" म्हणाली. मी बहिणीला विचारलं, "कसा होता सिनेमा?" तर म्हणाली, "पुस्तकापरीस चांगला." आणि तोंड फिरवलं.

थोड्या दिवसांनी चाची आली. टोपली उतरवली, पाणी प्याली, पण बांगड्या काढल्या नाहीत. बहीण दारात गहू निवडत होती. मी चुलीपाशी.

"बाई, बुरा मत मानो," चाची काकूला म्हणाली. "त्याइले ते दुसरी पायजे. पदरानं डोये पुसून राह्यली होती ना, ते."

मग काकूनं जो तोंडाचा पट्टा सोडला! करायला गेले गणपती आणि झाला मारुती, म्हणाली. मला म्हणाली, आयत्या बिळावर नागोबा. मी कुठं कोणाच्या बिळात गेले होते? मी तर दशम्या घेऊन गेले होते. सगळ्यांनी एकच अर्थ काढला: ही रडली म्हणून मायाळू, ती रडली नाही म्हणून दगडाच्या काळजाची. सासू म्हातारपणी आजारी पडली तर अशी पोरगी पाणी पाजेल का? काकूनंच शपथ घातली होती, आता काकूच कपाळ बडवत होती.

बहिणीनं सुपातले खडे वेचणं थांबवलं नाही. वेचता वेचताच म्हणाली, "आई, ताई मोठी हाय. तिचंच आधी झालं पायजे."

मी म्हणाले, "मी नाई जात." माझं कोण ऐकतं? काका म्हणाला, पदरी पडलं पवित्र झालं, आणि सुपारी फुटली. मला तिची कीव आली, काकूचा राग आला. आणि खोटं कशाला बोलू, आतून आनंदही झाला. मला कोणी निवडलं होतं. बैलाला कोणी निवडलं होतं.

बिदाईच्या वेळी बहीण माझ्या गळ्यात पडली आणि अशी रडली की चार बायकांना तिला सोडवावं लागलं. साऱ्या म्हणाल्या, "बापा, सख्ख्या बहिनी बी नाई रडत अशा!" मला माहीत होतं. त्यातलं थोडं माझ्यासाठी होतं, आणि बाकीचं गोदामात राहून गेलेलं होतं.

माझा नवरा खरंच पोळी चुरून देणारा निघाला. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. संध्याकाळी जेवण झालं की कंदिलाशी पुस्तक घेऊन बसायचा आणि मला वाचून दाखवायचा. ते सगळं त्याला कोणाला तरी सांगायचं असायचं. मी म्हशींचं शेण काढून, धारा काढून, साऱ्या घराचं करून बसलेली. दुसऱ्या पानाला माझी मान पडायची. "ऐकून राह्यली ना?" विचारायचा. "हाव," मी म्हणायची आणि घोरायची. तो पुस्तक मिटायचा आणि माझ्या अंगावर वाकळ टाकायचा. कधी रागावला नाही. मला रोज वाटायचं, इथं ती पाहिजे होती. आणि रोज झोप यायची.

तिचं लग्न जऊळक्याला एका बिजवराशी झालं. स्टेशनाजवळ किराण्याचं दुकान, पहिलीची मुलं. नवरा वाईट नव्हता, पण पुस्तकाच्या कागदात हळद बांधणारा. दिवाळीला, अखाजीला आम्ही भेटायचो. ती मजेतच म्हणायची, "एक टिपूस काढलं असतं तं आज तुया जागी असती वं मी." मी म्हणायची, "ये मंग, म्हशी बी घेऊन जाय." दोघी हसायचो. पण दर वेळेला म्हणायची. एकदाही चुकली नाही.

मग कंट्रोलचे दिवस आले. साखर कार्डावर, रॉकेल कार्डावर, आणि त्यातच सासूबाईंना लकवा झाला. अर्धं अंग गेलं. भरवायचं, धुवायचं, कूस बदलायची, सगळं माझ्याकडं. एका दुपारी मी तिला कण्या भरवत होते. उकाडा भयंकर, अंगाला घाम. ती एकदम म्हणाली, "सूनबाई, तुले ते जिनातलं आठवते काय?"

मला काय झालं कोण जाणे. दमले होते, चिडले होते. म्हणाले, "आठवते ना. पर आत्याबाई, मी रडत नोहती. रुई गेलती डोयात."

ती अर्ध्या तोंडानं हसली. "मले काय मालूम नाई? तू तं झोपली बी होती."

माझा चमचा तसाच राहिला. "मंग?"

"मंग काय? रडनाऱ्या पोरीचं मी काय लोनचं घालू? मी दमणी आली तवापासून पाहून राह्यली होती. सामान उतरवलं तं तू, पानी आनलं तं तू. खेळ सुटला तं झोपेतून उठली आन् पयले सतरंजी झटकली. सतरंजी का तुया बापाची होती? मी म्हटलं, हे पोरगी कामाची हाय. मी थकली होती पोरी. माया हातानं आता म्हशी होत नोहत्या."

"पर चाची तं म्हने, डोये पुसनारी..."

"अवं, ते तं खूण सांगतली तिले. दोघीतली कोनती ते कसं सांगू मंग? तुये नाव का मले मालूम होतं?" तोंडातला घास गिळला. "रडली तं मी. कायले रडली माहीत हाय? सिनेमा गेला खड्ड्यात. कितीक वर्सानं नुसतं बसाले भेटलं होतं. अंधार होता आन् कोनी हाक मारत नोहतं."

मी विचारलं, "आन् माई बहीन?"

"चांगली होती. पर ते रडली असती तरी मी तिले नोहती आनत."

मला राग आला, खूप आला. एवढी वर्षं मी समजत होते की चुकून का होईना, कोणी माझ्यात माया पाहिली. तिनं पाहिलं होतं ते काकूनं पाहिलं होतं तेच. बैल. पण ती अंथरुणात पडून माझ्या चमच्याकडं बघत होती, आणि तिचीही हाडं त्याच घरात, त्याच म्हशींपायी झिजली होती. मी पुढचा घास तिच्या तोंडात घातला. त्यानंतर आमचं दोघींचं आधीपेक्षा बरं जमलं, हे मात्र खरं.

ती गेली तेव्हा बहीण जऊळक्याहून आली आणि तेरवीपर्यंत राहिली. तेरवीच्या दिवशी पाहुणे जेवून गेल्यावर घरच्यांसाठी आम्ही दोघी पोळ्या करत होतो. ती लाटत होती, मी भाजत होते. सवयीनं ती म्हणाली, "त्या दिवशी मी रडली असती तं तुया सासूचं मीच केलं असतं सारं."

मग मी तिला सांगितलं. सगळं. रुई, सतरंजी, म्हशी, खूण. जसं सासूबाई बोलली तसं.

तिचं लाटणं थांबलं. "म्हंजे मी रडली असती तरी..."

"तरी नाई."

मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिची चूक नव्हती, हे कळून हलकं वाटेल. म्हणून तर सांगितलं होतं.

"मंग रडून तरी घेतलं असतं वं मी," ती म्हणाली. "केवढं भरून आलं होतं मले. ते शाई ओतते ना ताई, वाळलेल्या दौतीत... मले ते धड दिसलंबी नाई. मी आपली पापनी सांभाळत बसली."

"मंग रड आता," मी म्हणाले. "अथी कोन हाय? मीच तं हाव."

तिनं खरंच प्रयत्न केला. मान खाली घातली, डोळे मिटले, थोडी थांबली. मग मान हलवली.

"नाई येत ताई. पहिले दौतीचं आठवलं तरी येत होतं. आता त्याच्यासाठी येतच नाई."

मला मात्र आलं. तिथंच, तव्यापुढं, पदर तोंडात धरून मी रडले. इतक्या वर्षांनी, त्या कारकुनासाठी, शाईसाठी, ती ताठ बसलेली होती त्यासाठी. तिनं माझ्याकडं पाहिलं, पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि मला कोपरानं बाजूला केलं.

"सरक तिकडं," म्हणाली. "पोळी करपून राह्यली."